वर्षाला 59 हजार

मुंबईत एखाद्या घराला रेशनवर धान्य हवं असेल तर त्या घराचं वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत असावं लागतं. एका माणसाचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं. भागाकार करून बघा, महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत, 4,916 रुपये होतात. गावाकडे हीच मर्यादा 44 हजार आहे. 2013 साली अन्न सुरक्षा कायदा आला तेव्हा राज्य सरकारने हे आकडे ठरवले, त्यानंतर खोल्यांची भाडी वाढली, सिलेंडर वाढला, तूरडाळ कुठल्या कुठे गेली, शाळेच्या रिक्षाचे पैसे वाढले, पण हे आकडे जागचे हलले नाहीत. आणि याच सरकारने ठरवलेलं किमान वेतन बघितलं, अगदी अकुशल कामगाराचं, तर ते महिन्याला दहा हजारांच्या वर आहे. म्हणजे ज्या माणसाला कायद्याने मिळायलाच हवा असा कमीत कमी पगार मिळतो, तो माणूस त्याच सरकारच्या दुसऱ्या कागदावर रेशन मिळण्याइतका गरीब नाही. हे मला कुणीतरी समजावून सांगावं, मी खरंच मनापासून विचारतेय.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक फोटो. रेशन दुकानाची रांग, रांगेच्या कडेला एक बाई स्कूटीवर बसलेली, हातात मोबाईल, आणि खाली लिहिलेलं की बघा आपल्या टॅक्सचे पैसे कुठे जातायत. मग सुरू झालं. कुणी लिहिलं फुकट खायची सवय लागलीय, कुणी लिहिलं म्हणून तर कामाला माणसं मिळत नाहीत, कुणी म्हणालं हे लोक तो तांदूळ विकतात, मी स्वतः बघितलंय, आणि एका काकांनी (चांगले आहेत, कोविडमध्ये बिल्डिंगमधल्या सगळ्यांची औषधं हेच आणून देत होते) लिहिलं की गरजूंना द्या ना, आमची काही हरकत नाही, पण हे गरजू आहेत का? हा शेवटचा प्रश्न मला खरा वाटला, त्याच्या मागे द्वेष नाही, माणूस खरंच विचारतोय. त्याला ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

आमच्याकडे चपात्या करायला ज्या ताई येतात त्यांचंच घ्या. चार घरची कामं धरतात, सुट्ट्या वगैरे कापून अकरा-साडेअकरा हजार हातात येतात. नवरा टेम्पो चालवायचा, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून घरी असतो. दोन मुलं, मोठा दहावीला. खोली भाड्याची, भाडं सात हजार. त्यांच्याकडे केशरी कार्ड आहे पण त्यावर धान्य मिळत नाही कारण त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का नाही, ऑफिसच्या भाषेत एनपीएच कार्ड. अकरा हजार गुणिले बारा म्हणजे 1 लाख 32 हजार, झालं, 59 हजारांच्या दुपटीपेक्षा जास्त, बाई श्रीमंत. भाडं गेलं की त्यांच्या हातात चार हजारांत चार माणसं, औषधं, वीजबिल आणि दहावीचा क्लास उरतो, पण फॉर्ममध्ये भाडं लिहायला रकानाच नाही.

आता अशा बाईने करायचं काय? दोनच रस्ते आहेत. एक, खरं उत्पन्न सांगायचं आणि घरी जायचं. दुसरा, कुणाच्या तरी ओळखीने पन्नास हजारांचा उत्पन्नाचा दाखला काढायचा, हमीपत्रावर सही करायची आणि मग आयुष्यभर घाबरत राहायचं की कधी तपासणी येईल आणि कार्ड रद्द होईल. मध्ये सरकारने अपात्र शिधापत्रिका शोधायची मोहीम काढली तेव्हा आमच्या मागच्या वस्तीत बायका किती हादरल्या होत्या ते मी बघितलंय. त्यातल्या एकीच्याही घरात एसी नाही, गाडी नाही, फक्त त्या महिन्याला पाच हजारांहून जास्त कमावतात. मुंबईत पाच हजारांच्या आत चार माणसांचं घर चालतच नाही, ते जगू शकत नाही. त्यामुळे या शहरात रेशन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कागदावर अपात्र ठरवता येतं, कधीही, कुणालाही. तो फोटो काढणाऱ्याने पण तेच केलं, फक्त त्याच्याकडे शिक्का नव्हता.

स्कूटी आणि मोबाईलचं पण बोलूया, कारण सगळ्यांचा राग तिथे अडकतो. 1999 साली महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं अशी तीन रंगांची कार्डं आली तेव्हा पिवळ्या कार्डाच्या अटींमध्ये घरात टेलिफोन नसावा अशी अट होती. त्या काळी फोन म्हणजे खरंच पैशाची खूण होती, आमच्या चाळीत फक्त एका घरी होता आणि सगळ्यांचे निरोप तिथे यायचे. आज मोबाईलशिवाय कामच मिळत नाही. ताईंना सकाळी फोन येतो की आज पाहुणे आहेत लवकर या, नाक्यावरच्या मजुराला मुकादमाचा फोन येतो, डिलिव्हरीवाल्या पोराचा तर सगळा धंदाच मोबाईलवर. आणि सरकारला तरी मोबाईल चालत नाही असं कुठंय, आधारला नंबर जोडा, ओटीपी सांगा, ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी करा, हे सगळं कशावर करायचं? मोबाईल नसला तर धान्य बंद आणि मोबाईल दिसला तर फोटो काढून ग्रुपवर. स्कूटीचं म्हणाल तर जुनी स्कूटी हप्त्यावर घेऊन डबे पोचवणाऱ्या कितीतरी बायका आहेत इथे. त्या फोटोतली बाई कोण ते मला माहीत नाही, फोटो टाकणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. आमच्या घरी रेशन कार्ड म्हणजे देवाच्या फोटोमागे पिशवीत गुंडाळून ठेवलेली वस्तू, आणि ते सगळ्यांकडे होतं, गिरणी कामगाराकडे, शाळेतल्या मास्तरांकडे, बँकेत क्लार्क असलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे, डॉक्टरांकडे सुद्धा. किती युनिटचं, म्हणजे घरातल्या किती माणसांचं कार्ड, एवढाच फरक. मुंबईत रेशनिंग सुरू झालं ते 1943 साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, आणि तेव्हापासून पन्नासेक वर्षं ते सगळ्यांचंच होतं. साखर आली, पामोलिन आलं, रॉकेल आलं अशी हाक चाळीत एकाने दिली की सगळ्या मजल्यांवरून डबे आणि कॅन घेऊन माणसं खाली उतरायची. रॉकेलच्या रांगेत मी तासनतास उभी राहिलेय, कॅनला नंबर लावून मध्येच शाळेत जाऊन आलेय. गहू लाल असायचा, तांदळात खडे असायचे, आई ताटात घेऊन दुपारभर निवडत बसायची आणि सरकारच्या नावाने बोलत राहायची. रेशनचं खातो म्हणून कुणाला लाज वाटलेली मला आठवत नाही. लाज कशाची वाटणार, शेजारचे मास्तर त्याच रांगेत पुढे उभे होते.

जानेवारी 1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते, गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि त्या भोंग्यांवर चालणारी घरं पण बंद पडायला लागली. पगार थांबला, पतपेढीचं कर्ज थांबलं नाही, वाण्याने उधारी बंद केली, बरीच बिऱ्हाडं गावी गेली. आईने कानातलं विकलं, नंतर पापड लाटायला लागली. पण या सगळ्यात एक गोष्ट चालू राहिली ती म्हणजे रेशन कार्ड. पगार बंद झाला म्हणून दाखला आणा असं कुणी म्हणालं नाही, तुम्ही आता गरीब झालात का ते सिद्ध करा असं म्हणालं नाही, कारण कार्ड गरिबीसाठी नव्हतंच, कार्ड मुंबईत राहता म्हणून होतं. पैसे जमवून आणायचे एवढंच. ज्या दिवशी घर कोसळलं त्या दिवशी आधार आधीपासून तिथे होता, त्यासाठी कुठे अर्ज करावा लागला नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मला हे सारखं आठवत होतं. मार्चपर्यंत ज्यांचं नीट चाललं होतं असे रिक्षावाले, सलूनवाले, कॅटरिंगवाले एका रात्रीत रिकामे झाले आणि त्यांच्या कार्डावर शिक्का नव्हता कारण मार्चपर्यंत ते गरीब नव्हते. शिक्का लावणारं ऑफिस बंद. केंद्राने एप्रिलपासून माणशी 5 किलो जादा धान्य फुकट दिलं ते ज्यांच्याकडे शिक्का होता त्यांना. गरिबी काही सहा महिने आधी नोटीस देऊन येत नाही, एक आजारपण, एक अपघात, एक बंद पडलेला कारखाना की माणूस या बाजूचा त्या बाजूला जातो, आणि आपली यंत्रणा मात्र कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या फोटोवर चालते.

मधल्या पिढीत नक्की काय बदललं त्याचं उत्तर 1997 मध्ये आहे. त्या वर्षी सगळ्यांचं रेशन जाऊन फक्त गरिबांना लक्ष्य करणारी पद्धत आली. कारण दिलं गेलं ते ऐकायला पटणारं होतं, ज्यांना गरज नाही त्यांना कशाला द्यायचं. मग दोन वर्षांनी रंग आले आणि पिवळ्या कार्डाला उत्पन्नाची मर्यादा होती वर्षाला 15 हजार, तेव्हाच्या मुंबईतसुद्धा ती हास्यास्पद होती. पांढरं कार्ड पत्त्याच्या पुराव्यापुरतं उरलं. मास्तर, क्लार्क, डॉक्टर रांगेतून गेले. आणि माझं ठाम मत आहे की त्यांच्याबरोबर रांगेतला आवाज पण गेला.

हा आवाज काय होता ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 1972 च्या दुष्काळाच्या वेळी मुंबईत बायकांनी महागाईविरोधी समिती काढली होती, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, कमल देसाई, तारा रेड्डी, वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र. त्यांचे लाटणे मोर्चे निघायचे, थाळ्या वाजवत बायका मंत्र्यांना गाठायच्या, साखर कुठंय, तेल कुठंय, रॉकेल कुठंय म्हणून. त्यात झोपडपट्टीतल्या बायका होत्या तशा गिरगाव-दादरच्या नऊवारीतल्या आणि पाचवारीतल्या गृहिणी पण होत्या, कारण दुकानात माल आला नाही तर दोघींच्याही घरी चूल अडत होती. आज दुकानात माल उशिरा आला तर गिरगावच्या गृहिणीला कळत पण नाही. ज्यांचं सरकारदरबारी ऐकलं जातं ते रांगेत नाहीत आणि जे रांगेत आहेत त्यांचं कुणी ऐकत नाही, आणि वरून जे बाहेर आहेत ते आता रांगेचे फोटो काढतात.

आता काकांचा प्रश्न, गरजू कोण हे ठरवायचं कसं. ताईंबरोबर मी एकदा रेशनिंग ऑफिसला गेले होते, कुठलं ते सांगत नाही. खिडकीवरचा माणूस उर्मट नव्हता, थकलेला होता. त्याने कार्ड बघितलं, कॉम्प्युटरवर बारा अंकी नंबर टाकला आणि म्हणाला, “मावशी, कार्ड ऑनलाईन आहे, पण इष्टांक शिल्लक नाही. आला की बघू.” बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, “वहिनी, कधी येतो तो?” इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं त्याचा ठरलेला कोटा. मी घरी येऊन शोधत बसले तेव्हा समजलं की कायद्याने देशातल्या ग्रामीण भागात 75 टक्के आणि शहरी भागात 50 टक्के लोकांपर्यंत धान्य द्यायचं ठरलं, राज्याराज्याला त्याची वाटणी झाली, महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण 76.32 आणि शहरी 45.34 टक्के आले, मिळून साधारण सात कोटी माणसं. आणि ही टक्केवारी लावली 2011 च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर. 2021 ची जनगणना झालीच नाही. म्हणजे मधल्या सगळ्या वर्षांत जन्मलेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना, गावाकडून आलेली माणसं हिशेबात नाहीत, आकडा तोच राहिला. ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी 2020 मध्येच अंदाज मांडला होता की नुसत्या या जुन्या आकड्यामुळे देशभरात 10 कोटींहून जास्त माणसं बाहेर राहिली आहेत.

त्यामुळे एक नाव आत यायचं तर एक नाव बाहेर जावं लागतं. कुणी मेलं, कुणाचं कार्ड रद्द झालं, कुणाची ई-केवायसी राहिली की जागा होते. वस्तीत बायका एकमेकींच्या कार्डाकडे ज्या नजरेने बघायला लागल्यात ते यातून आलंय, तिला मिळतं मग मला का नाही, तिचा नवरा तर कामाला आहे. सोसायटीच्या ग्रुपवरचं भांडण आणि वस्तीतल्या नळावरचं भांडण एकच आहे.

आणि ज्यांची नावं आत आहेत त्यांचं तरी काय. मशीनवर अंगठा लागला पाहिजे. वर्षानुवर्षं भांडी घासणाऱ्या, कपड्यांचा साबण हाताळणाऱ्या बाईच्या बोटांवर रेषा उरत नाहीत, बांधकामावर सिमेंट कालवणाऱ्याच्या उरत नाहीत, म्हाताऱ्यांच्या पुसल्या जातात. हा अंगठा नाही लागला तर दुसरं बोट, दुसरं नाही तर तिसरं, हात पदराला पुसून परत. मग सर्व्हर डाऊन. मग उद्या या. उद्या या म्हणजे उद्याचा अर्धा खाडा, म्हणजे ज्या धान्याची किंमत बाजारात फार तर सहा-सातशे रुपये, त्यासाठी तीनशेची हजेरी बुडवायची. नवीन लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झाल्याचा दाखला गावाहून आणावा लागतो, तो आला नाही तर ती कुठेच नाही, माहेरीही नाही सासरीही नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या कार्डावर, कार्ड नवऱ्याच्या ताब्यात. भाड्याने राहणाऱ्याला घरमालक करारपत्र देत नाही. एक देश एक रेशन कार्ड आल्यापासून बीडचं किंवा बिहारचं कार्ड मुंबईत चालतं हे चांगलं झालं, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये राज्यांना मुदत घालून दिली तेव्हा त्याला वेग आला, पण दुकानदार म्हणतो आमच्या कार्डांनाच माल पुरत नाही, तुम्हाला कुठून देऊ.

2017 साली झारखंडमध्ये सिमडेगा जिल्ह्यात 11 वर्षांची एक मुलगी गेली. घरच्यांचं कार्ड आधारशी जोडलेलं नाही म्हणून रद्द झालं होतं. आई सांगत होती की पोर भात भात करत गेली. अधिकारी म्हणाले मलेरियाने गेली. मी त्या बातमीनंतर बरेच दिवस जेवताना नीट जेवू शकले नाही, माझी मुलगी तेव्हा जवळपास त्याच वयाची होती. चुकीच्या माणसाला 5 किलो तांदूळ गेला तर सरकारचे काही रुपये जातात, बरोबर माणसाला गेला नाही तर काय जातं ते त्या आईला विचारा. या दोन चुका एका तराजूत ठेवायच्याच नाहीत असं मला वाटतं, आणि आपली सगळी यंत्रणा, सगळी मशीनं, सगळ्या मोहिमा पहिली चूक शोधण्यासाठी आहेत. दुसरी शोधायची मोहीम मी अजून बघितली नाही.

तांदूळ विकतात हे खरं आहे. मी नाकारणार नाही, आमच्या मागच्या गल्लीत गोणी घेऊन माणूस येतो आणि कमी भावात घेऊन जातो. पण का विकतात ते विचारायला हवं ना. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो, डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही, गॅस नाही. ज्या घरात पोरं दोन दिवस नुसता भात-मीठ खातात त्या घरची बाई दोन किलो तांदूळ देऊन अर्धा लिटर तेल आणत असेल तर ती चोरी नाही, तो स्वयंपाक आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत तांदळात पोषणासाठी वेगळे दाणे मिसळायला लागले, शंभर किलोत एक किलो, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेले. ते पाण्यावर तरंगतात, रंगाला थोडे पिवळट असतात, आणि कुणी नीट सांगितलंच नाही त्यामुळे वस्तीत बायका प्लास्टिकचा तांदूळ म्हणून ते दाणे निवडून फेकून देतात. मी स्वतः तीन-चार जणींना समजावलंय. त्या ऐकून घेतात आणि परत निवडतात, कारण सरकार आपल्याला चांगलं काही देईल यावर त्यांचा विश्वासच नाही.

आणि कोट्यवधींची चोरी गल्लीत होत नाही. ती गोदामातून दुकानापर्यंत येताना होते, ट्रकच्या ट्रक जातात, आणि हे रेशनच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या बायका वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत. दोन ठिकाणी नाव, मेलेल्या माणसाच्या नावावर उचल, हे बंद व्हायलाच हवं, मशीनने त्यातलं काही बंद झालंही, ते चांगलंच. पण ट्रकचा फोटो आमच्या ग्रुपवर कधी आला नाही.

टॅक्सचा हिशेब पण करू, कारण काकांना हिशेब आवडतो. केंद्राचं अन्न अनुदान वर्षाला साधारण 2 लाख कोटी आहे, घेणारे 81 कोटी लोक. भागाकार केला तर माणशी वर्षाला अडीच हजार, महिन्याला दोनशे रुपये. त्यात मिळतात 5 किलो धान्य, म्हणजे दिवसाला 165 ग्रॅमच्या आसपास. पूर्वी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता, जानेवारी 2023 पासून फुकट आहे. दिवसाला 165 ग्रॅम धान्यावर माणूस आळशी होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगावं की खोलीचं सात हजार भाडं तो कशाने भरतो. डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टात सुद्धा विचारलं गेलं की किती काळ फुकट देत राहणार, त्यापेक्षा रोजगार का निर्माण करत नाही. रोजगाराची बाजू मला शंभर टक्के मान्य आहे. पण याच कोर्टाने नोव्हेंबर 2001 मध्ये, गोदामं धान्याने भरलेली आणि माणसं उपाशी अशी अवस्था होती तेव्हा, योजनांना हक्क बनवणारा आदेश दिला होता, शाळेत शिजवलेलं जेवण द्या हेही त्यातच आलं. माझ्या मते ते कोर्टाच्या सगळ्यात मोठ्या कामांपैकी एक आहे.

आणि अनुदान फक्त रेशनवाले घेतात का? आपण सगळे लोकलचा पास काढतो. रेल्वेच्या तिकिटांवर 2016 पासून एक ओळ छापून यायची, प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त 57 टक्के वसूल होतो म्हणून. बाकीचे पैसे कोण भरतं? फर्स्ट क्लासच्या पासवाल्याला दादरच्या पुलावर कुणी अडवून विचारत नाही की तुमचं उत्पन्न किती, दाखला आणलाय का, अंगठा लावा. घरकर्जाच्या व्याजावर जुन्या पद्धतीत वर्षाला 2 लाखांपर्यंत सूट मिळते, म्हणजे तीस टक्क्यांच्या गटात असाल तर साठ हजारांच्या आसपास टॅक्स वाचतो. मी आणि माझ्या नवऱ्याने ती वर्षानुवर्षं घेतलीय, कायद्याने मिळते म्हणून घेतलीय आणि त्याची आम्हाला लाज वाटली नाही, वाटायचं कारणही नाही. फक्त तो आकडा बघा. आम्हाला वाचणारा टॅक्स आणि ताईंच्या घराने ज्याच्या आत राहायला हवं ते अख्खं वर्षाचं उत्पन्न, दोन्ही जवळपास एकच आहेत.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिकडे गरिबांना खाण्यापिण्यासाठी सरकारी मदत मिळते, फूड स्टॅम्प म्हणतात ते, आता कार्डावर येतं, 2025 मध्ये चार कोटींच्या वर लोक घेत होते, आणि त्याच वर्षी त्यांच्या सरकारचं कामकाज बंद पडलं तेव्हा नोव्हेंबरचे पैसे अडकले. ती सांगत होती की देवळात आणि शाळेत लोकांनी डबे गोळा केले, आणि त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये लोक बोलत होते की त्या कार्डावर कोल्ड्रिंक कशाला घेतात. इतका श्रीमंत देश आणि तिथेही दुसऱ्याच्या ट्रॉलीत डोकावतात.

काकांनी शेवटी मला वेगळा मेसेज केला, “मग तुझ्या मते लिमिट किती पाहिजे? सगळ्यांनाच द्यायचं का?” मला विचाराल तर हो, माझ्या लहानपणी होतं तसं, ज्याला नको तो आपोआप घेत नाही, दोन तास रांगेत उभं राहायला कुणाला हौस नसते. ते जमत नसेल तर किमान एवढं करा की मर्यादा किमान वेतनाला जोडा, घरात दोन कमावते धरून. किमान वेतनात दर सहा महिन्यांनी महागाईचा भत्ता वाढतो, मग रेशनची मर्यादा 2013 मध्येच का अडकून राहावी? भाडं वजा करून उत्पन्न धरा, निदान मुंबई-ठाण्यात. आणि कार्ड रद्द करण्याआधी माणसाला घरी जाऊन विचारा, नुसतं मशीनवर नाव लाल दिसतंय म्हणून नको. कायद्यात दक्षता समित्या आहेत, दुकानापर्यंतच्या, त्यात वस्तीतल्या बायका बसवा आणि हवं तर काकांनाही बसवा, ट्रक किती वाजता आला आणि किती गोण्या उतरल्या ते त्यांच्याइतकं चोख कुणी लिहून ठेवणार नाही, हे मी खरंच म्हणतेय आणि त्यांना तसं सांगितलंय.

इष्टांकाचं मात्र राज्याच्या हातात नाही असं सांगतात. जनगणना आता 2027 ची, त्यानंतर आकडे यायचे, वाटणी व्हायची, कोटा ठरायचा, तोपर्यंत ताईंचा मोठा मुलगा कॉलेज सोडून कामाला लागलेला असेल. पण राज्याने स्वतःच्या पैशाने दिलेलं आहे की. मे आणि जून 2020 मध्ये शिक्का नसलेल्या केशरी कार्डांनाही माणशी 3 किलो गहू 8 रुपयांनी आणि 2 किलो तांदूळ 12 रुपयांनी मिळाला होता, ताईंनी पैसे देऊन घेतला होता, आनंदाने घेतला होता. त्याच दुकानातून, त्याच कार्डावर. दुकानं आहेत, कार्डं घराघरांत पडून आहेत, बारा अंकी नंबर कॉम्प्युटरवर आहेत, कुणाचं घर कुठे आहे हे सरकारला माहीत आहे. निदान भाड्याने राहणाऱ्या, एकटी बाई कमावती असलेल्या, घरात आजारी माणूस असलेल्या केशरी कार्डांना तरी त्या भावाने परत सुरू करा, फुकट नको म्हणतात ताई, पण त्या भावाने द्या.